चढावरची ट्रायल

चार जाड टायरांची क्वाड बाइक ही एकट्याने चालवायची गाडी आहे, हे ती विकणाऱ्या ग्लेनिसने दोनदा बजावलं होतं. एकदा शेडचं दार उघडताना आणि एकदा किल्ली हातात देताना. शिवाय मागच्या मडगार्डवर तसं चित्रच होतं: मागे बसलेला माणूस आणि त्याच्यावर लाल फुली. जर्ट्रूडने ऐकलंही आणि चित्र पाहिलंही. तिच्या नवऱ्याचं, ऑगस्टिनचं, लक्ष नव्हतं. तो खाली वाकून टायर दाबून बघत होता.

साठी उलटलेला माणूस, पण गाडी दिसली की त्याचा पोरगा व्हायचा. वसईत असताना आधी स्कूटर घेतली, मग मोटरसायकल, आणि दोन्ही वेळा त्याने अख्खी आळी डोक्यावर घेतली होती. मेलबर्नला आल्यावर डँडेनॉन्गच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली. रिटायर झाल्यावर शहाणी माणसं शहरातच, ग्लेन वेव्हर्लीत मुलीच्या जवळ छोटंसं युनिट घेतात. या पठ्ठ्याने ओमिओहून डिनर प्लेन गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगरात, चार एकरांवरचं घर घेतलं. जर्ट्रूडने तेव्हा आकाशपाताळ एक केलं होतं. आणि वर्षभरात तीच त्या घरात अशी रमली की आता तिथून हलायचं नुसतं नाव काढलं तरी ती विषय बदलायची.

नाव काढणारी होती त्यांची मुलगी ब्रेंडा, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

गेल्या जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, एका सकाळी ऑगस्टिनच्या छातीत कळ आली. रात्रभर बर्फ पडलं होतं. मोठा रस्ता साफ करायला सरकारी गाड्या येतात, पण गेटपासून घरापर्यंतचा चढ ज्याचा त्याने बघायचा. ॲम्ब्युलन्स आली, गेटपाशी थांबली आणि वर चढेना. जर्ट्रूड गाउनवर जॅकेट चढवून फावड्याने बर्फ उपसत राहिली. उपसून उपसून अंगणसुद्धा मोकळं होईना. शेवटी ॲम्ब्युलन्समधले दोघं पायी वर आले आणि त्याला स्ट्रेचरवर ओढत खाली घेऊन गेले. थोडक्यात वाचला, असं डॉक्टर म्हणाले. ब्रेंडाने तेव्हापासून धोशा लावला होता: पुढचं बर्फ पडायच्या आत रस्ता मोकळा ठेवायची सोय करा, नाहीतर घर विका. आता मे संपत आला होता.

ग्लेनिस त्यांची लांबची शेजारीण. गुरं कमी केल्यामुळे ती दोन गाड्या विकायला काढत होती, आणि दोन्हींना पुढे बर्फ लोटायचं पातं बसवलेलं होतं. एक ही क्वाड बाइक, मोटरसायकलसारखी टांग टाकून बसायची, सीटच्या मागे एक जाड लोखंडी कमान असलेली. दुसरी साइड बाय साइड: मोटारीसारखं स्टिअरिंग, शेजारी शेजारी दोन सीट, पट्टे आणि डोक्यावर लोखंडी पिंजरा. ऑगस्टिनने तिच्याकडे एक नजर टाकली आणि निकाल देऊन टाकला की ही रिक्षा आहे.

जर्ट्रूडला विचारायचं होतं की जुलैत तू आडवा पडला होतास, तेव्हा बर्फ लोटायला ही बाइक कोणी चालवली असती? पण ती गप्प बसली. हॉस्पिटलातून आल्यापासून तो फार हळवा झाला होता. तिच्या हातातली पिशवी हिसकावून घ्यायचा, लाकडं स्वतःच फोडायचा, आणि दमलास का विचारलं की दिवसभर तोंड फुगवून बसायचा. सगळं जग त्याला म्हातारा म्हणत होतं; निदान बायकोने तरी म्हणू नये, एवढीच त्याची अपेक्षा. ती तिने आजवर पाळली होती आणि तेच तिला खात होतं.

तेवढ्यात घरात फोन वाजला आणि ग्लेनिस तो घ्यायला आत गेली. ऑगस्टिनने बाइक शेडबाहेर काढली, समोरच्या माळावरच्या चढाकडे तोंड करून उभी केली आणि सीटवर पुढे सरकला.

"बस मागे," तो म्हणाला.

जर्ट्रूडने चित्राकडे बोट दाखवलं. त्यावर त्याचं म्हणणं असं की हे लोक कॉफीच्या कपावरसुद्धा गरम आहे म्हणून लिहितात, त्यांच्या स्टिकरवर जायचं नसतं. गाडीची ट्रायल डबल सीटच घ्यायची. बायकोला मागे बसवायचं, चढावर न्यायची, मध्येच थांबवायची आणि तिथून परत उचलते का बघायचं. उचलली तर गाडी घ्यायची, नाहीतर मालकाला नमस्कार. स्कूटरही अशीच घेतली होती आणि मोटरसायकलही.

खरं तर तिने नाही म्हणायला हवं होतं. पण तो मान वळवून तिच्याकडे बघत होता, आणि जुलैपासून इतका खुशीत तो तिला दिसला नव्हता. जर्ट्रूड बसली. तेही जुन्या सवयीने, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून.

सुरुवातीला बरं वाटलं. वारा गार होता, गवत ओलं होतं, बाइक गुरगुरत सरळ चढत होती. मग चढ अंगावर आला. खाली बघितलं तर शेड काडेपेटीएवढी दिसत होती. जर्ट्रूडचा डावा दंड मागच्या कमानीला टेकला आणि तिला जाणवलं की दोघांचं सगळं वजन मागे गेलंय. बास, इथूनच वळव, असं ती म्हणाली. पण तो ठरल्याप्रमाणे थांबला. ब्रेक दाबून उभा राहिला, आणि मग उचलते का बघायला त्याने गॅस दिला.

बाइक उचलली, पण नुसती पुढून. पुढची चाकं जमीन सोडून वर आली, ते पातंही वर आलं, आणि त्याच्या डोक्यापलीकडे जर्ट्रूडला फक्त आभाळ दिसायला लागलं. ती डाव्या बाजूला घसरली, घसरली कसली, पाय त्याच बाजूला असल्यामुळे उभीच खाली पडली आणि गवतावर लोळत गेली. मागे धाडकन आवाज झाला. कमान जमिनीत रुतली होती आणि बाइक त्या कमानीवर कलून उजवीकडे आडवी झाली होती. ऑगस्टिन दिसत नव्हता.

तिने हाक मारली. रांगत बाइकला वळसा घालून ती पलीकडे गेली. तो हातभर अंतरावर पालथा पडला होता. कमान नसती तर ती बाइक त्याच्या छातीवर आली असती, हे तिला तिथेच कळलं. मग तो हलला. उठून बसला, गुडघ्यावरचा चिखल झटकला, आणि धावत येणाऱ्या ग्लेनिसला लांबूनच म्हणाला, "नो वरीज, मेट. ऑल गुड."

ग्लेनिसने आधी बाइक बंद केली, मग दोघांचे हातपाय तपासले, आणि साइड बाय साइड वर आणून दोघांना एकेक करून खाली नेलं. तिने चहा केला. ऑगस्टिनचा चेहरा उतरला होता. भरलेला कप तसाच ठेवून तो मराठीत म्हणाला की जाऊ दे, ब्रेंडाचंच बरोबर आहे, घर विकून टाकू.

जर्ट्रूडचा इतका वेळ आवरलेला राग आता उसळला. चौतीस वर्षं ती त्याच्या मागे बसली होती, चढावरसुद्धा, आणि आता एका आपटीत हा तिचं घर विकायला निघाला होता.

"घर विकायचं नाही," ती म्हणाली. "ती दुसरी गाडी घ्यायची आणि ती मी चालवणार. बर्फ पडेल तेव्हा तू आजारी असशील की मी, हे कोणाला माहीत आहे? चल, बस माझ्या शेजारी."

तो रिक्षा म्हणाला नाही. मुकाट्याने बसला आणि पट्टा लावला. ग्लेनिसने गियर समजावून दिले, पातं वरखाली करायचा खटका दाखवला आणि बाजूला झाली. मोटार जर्ट्रूडला येत होतीच, आणि ही तर मोटारीपेक्षा हळू चालत होती. तिने माळ सोडून शेडच्या बाजूने जाणारी खडीची वाट धरली, पातं खाली सोडलं, आणि खडीचा ढीग पात्यापुढे गोळा होऊन बाजूला पडत गेला. बर्फही असाच पडेल, तिला वाटलं. वाटेच्या माथ्यावर तिने गाडी थांबवली. आपल्याला जमलं, याचा आनंद झाला होता आणि तो तिला त्याला दाखवायचा होता. तिने वळून बघितलं. तो समोर बघत होता. आणि तिने दहा महिने गिळलेला प्रश्न विचारला.

"जुलैत कधीपासून दुखत होतं? खरं सांग."

"आदल्या संध्याकाळपासून," तो म्हणाला. "बर्फ पडायला लागलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू रात्री फावडं घेऊन बाहेर गेली असतीस. म्हटलं, सकाळपर्यंत थांबेल."

तिला त्याचा संताप आला आणि त्याच वेळी रडूही आलं. रात्रभर तो तिच्या शेजारी जागा पडून राहिला होता, आणि ती घोरत होती.

"आणि आता?" तिने विचारलं. "रस्ता मोकळा असला तर सांगशील?"

ऑगस्टिनने पट्ट्याखालून हात काढला आणि छातीच्या मधोमध ठेवला. त्याच्या कपाळावर घाम होता. ती इतका वेळ वाटेकडे बघत होती, म्हणून तिला तो दिसला नव्हता.

"रस्ता मोकळाच आहे ना," तो म्हणाला. "जर्टी, पडल्यापासून दुखतंय."

जर्ट्रूडने पातं उचललं, गाडी मागे घेतली, तोंड उताराकडे वळवलं आणि हॉर्न दाबून धरला. खाली ग्लेनिस अंगणात आली. जर्ट्रूड ओरडली, ॲम्ब्युलन्स बोलाव, आणि ग्लेनिस फोन कानाला लावत घराकडे पळाली. गाडी वाट सोडत नव्हती.

"बोलत राहा," ती त्याला म्हणाली. "गप्प बसू नको."

आणि तो सांगत राहिला. कुठे दुखतंय, किती दुखतंय, डाव्या खांद्यात कसं भरून आलंय, मघाशी चहा का गेला नाही, भीती किती वाटतेय. आयुष्यात पहिल्यांदा काहीही न लपवता तो बोलत होता, आणि जर्ट्रूड गाडी चालवत होती.