शेवटची खोली नसलेलं वसतिगृह

“समजा, एक वसतिगृह आहे. खोल्या अनंत, आणि सगळ्या भरलेल्या,” गणितवाली म्हणाली. “दारात एक नवी मुलगी आली. तर बाई, तुम्ही काय कराल?”

“आधी चादरीचं ते टोक धर,” बाई म्हणाल्या. “जागा नाही म्हणून परत थोडीच पाठवणार? सगळ्यांना सरकवीन.”

“बरोब्बर. एकमधलीनं दोनमध्ये जायचं, दोनमधलीनं तीनमध्ये. असं सगळ्या सरकल्या की पहिली खोली रिकामी.”

“आणि शेवटची कुठे जाते?”

“शेवटची नसतेच, बाई. तीच तर गंमत.”

“बये, शेवटची असतेच. ती फक्त बोलत नाही.”

नोकरदार मुलींच्या त्या वसतिगृहात बाई अधीक्षिका होत्या, पण पाठीमागे सगळ्या त्यांना सरकाबाई म्हणत. जेवणाचं बाक असो, कपड्यांची दोरी असो की आंघोळीची रांग, “सरका जरा” एवढ्या दोन शब्दांवर बाईंनी सगळी नोकरी निभावली होती.

शनिवारी त्या निवृत्त होणार होत्या. ऑफिसमागची त्यांची खोली नव्या अधीक्षिकेला मिळणार होती. बाईंनी पैसे भरून इतरांसारखं राहायला समितीची ना नव्हती. फक्त खोली रिकामी हवी होती, आणि बाराच्या बारा भरलेल्या होत्या. कुणाला उठवून आपण बसावं, हे बाईंच्या रक्तात नव्हतं. “पुतण्या हात धुऊन मागे लागलाय, काकू या म्हणून,” असं त्या सगळ्यांना सांगत.

पुतण्याचा आवाज मात्र फार मोठा होता. “काकू, इथे आम्हीच एकमेकांच्या डोक्यावर बसलोय,” असं तो फोनवर म्हणाला, ते जिन्यात उभ्या असलेल्या गणितवालीलाही ऐकू आलं. नंतर त्यानं फोन ठेवून दिला. बाई त्यापुढेही बराच वेळ रिसीव्हरशी हसून बोलत राहिल्या. “हो रे, येते हं शनिवारी.”

शनिवारी सकाळी समितीनं बाईंना निरोप समारंभाला नेलं. ज्यांना आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही, त्यांना भिंतीवरचं घड्याळ देण्याची समितीची पद्धत होती. तेवढ्या वेळात गणितवालीनं मोहीम काढली. प्रत्येकीनं बिऱ्हाड उचलायचं आणि पुढच्या खोलीत जायचं.

“माझी खिडकी जाते,” एक नंबरमधली नर्स कुरकुरली.

“पुढच्या खोलीत खिडकीच आहे ना? भगदाड थोडंच आहे?”

“पण मी म्हणते, बारावाली कुठे जाणार?” बँकवालीनं विचारलं. ती अकरामध्ये राहायची आणि हिशेबाला पक्की होती.

“ते सुटतं आपोआप,” गणितवाली म्हणाली. हे गणित तिनं फळ्यावर इतक्यांदा सोडवलं होतं की तिला शंकाच नव्हती.

तासाभरात व्हरांड्यात गाद्याच गाद्या झाल्या, आणि एक नंबर लख्ख रिकामी झाली. गणितवाली घाम पुसत आपल्या खोलीत शिरली, तर तिच्या पलंगावर ट्रंक ठेवून बँकवाली बसलेली.

“तू इथे कशी?”

“अकरामधून सरकले. तू बारामध्ये राहतेस, हे तुला ठाऊक नव्हतं का गं?”

“ठाऊक होतं,” गणितवाली पलंगाच्या कडेला टेकली. “सिद्धांतात धरलं नव्हतं.”

शेवटी गच्चीच्या जिन्याशी असलेल्या इस्त्रीच्या खोलीतलं टेबल बाहेर आलं आणि गणितवालीची गादी आत गेली. तेवढ्यात नव्या अधीक्षिका नियमांची फाइल छातीशी धरून हजर झाल्या.

“इथे कुणाला राहता येणार नाही. या खोलीला नंबर कुठे आहे?”

बँकवालीनं गणितवालीच्या पिशवीतला खडू काढून दारावर १३ लिहिलं. अधीक्षिकाबाईंनी फाइल चाळली. खोली कशाला म्हणावं, हे समितीनं कुठेच सांगितलं नव्हतं. नंबर मात्र सक्तीचा होता. “मग हरकत नाही,” त्या म्हणाल्या. गणिताचा पायादेखील बराचसा असाच घातलाय, असं गणितवाली म्हणाली. कुणी हसलं नाही, कारण तो कुणाला विनोद वाटला नाही.

बाई परतल्या त्या थेट बांधून ठेवलेल्या सामानापाशी गेल्या.

“बाई, एक नंबर रिकामी आहे,” नर्स म्हणाली.

“का? कोण सोडून गेली?”

“कुणीच नाही. सरकलो.”

बाईंनी एकेकीकडे पाहिलं. घामेजलेली तोंडं, धुळीचे केस. मग त्यांनी गणितवालीला विचारलं, “तुझं काय गं?”

“इस्त्रीची खोली. रात्रभर दिवा ठेवला तरी कुणी ओरडणार नाही. माझा प्रबंध तरी संपेल.”

“अगं, पण पुतण्या वाट बघत असेल...”

नर्सनं बाईंच्या हातातली पेटी घेतली. “असेल ना. उद्या कळवा त्याला, यायला जमत नाही म्हणून. रागावेल बिचारा, पण काय करणार?”

“हो,” बाई म्हणाल्या. “कळवायला हवं.”

संध्याकाळी नर्स चहाचा कप घेऊन गेली तेव्हा दार उघडंच होतं. बाई गाढ झोपल्या होत्या. इतक्या वर्षांत ऑफिसमागच्या खोलीत त्यांच्याच पलंगावर कुणी ना कुणी वाढीव मुलगी असायचीच. आज सगळा पलंग त्यांचा होता, तरी त्या भिंतीला पाठ लावून, अंग चोरून एका कडेला निजल्या होत्या, आणि उरलेल्या पलंगावर चादरीला एक सुरकुती नव्हती.

नर्सनं कपावर बशी झाकली आणि दार हळूच ओढून घेतलं.