कधीच लाल न होणारी नळी

अंबरपेठेतल्या त्या फंक्शन हॉलमध्ये गुरुवारी उभं राहायला जागा नसायची. समोर स्पिरिटचा दिवा, लाकडी चिमट्यात काचेची नळी, नळीत निळं पाणी. मधुमेहाचा रोगी पुढे यायचा, त्याच्या लघवीचे आठ थेंब नळीत पडायचे आणि नळी उकळायला लागली की हॉल माना उंच करून बघायचा. त्या काळी मधुमेही माणसं घरी रोज सकाळी हीच परीक्षा करत. साखर असेल तर निळ्याचं हिरवं, पिवळं आणि शेवटी विटेसारखं लाल होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पण तिथल्या नीळबाबांची नळी निळीच राहायची.

"देखा?" बाबा म्हणायचे. "दोन-चार वर्षांपूर्वी देशाचे दरवाजे खुलले. कंपनीवाले आले. पहिले साखर बेचते, फिर सुई बेचते. देव काय बेचतो? काहीच नाही. सुई नक्को, नाम घ्या. साखर देवाने उचलली."

मग आज्ञा व्हायची: घरातलं तपासणीचं जुनं औषध मुसी नदीत सोडा, जुन्या बाटलीत शंका राहते. यापुढे बाबांचं निळं तीर्थ वापरा. शंका बाटलीत राहते, हे मी चाळीस वर्षं विज्ञान शिकवूनही ऐकलं नव्हतं.

आमच्या शेजारचे उदय आणि मालनबाई अकरा वर्षांच्या निशिगंधाला घेऊन तिथे गेले. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नसे. रोजची दोन इंजेक्शनं, हाच तिचा जगण्याचा आधार. गुरुवारी तो थांबला.

शनिवारी सकाळी ती गणितं घेऊन माझ्याकडे आली. जिन्यात दोनदा बसली, माझ्याकडे तीन पेले पाणी प्याली. श्वास लांब, खोल. काय झालं ते तिनेच सांगितलं. वर्गात दाखवायला ठेवलेली तपासणीची बाटली मी खिशात घातली आणि तिला हात धरून घरी नेलं. दवाखान्यात चला म्हणालो, तर उदय दारातच उभा राहिला.

"सर, तुम्ही देव मानत नाही, म्हणून असं बोलता. आज सकाळची नळी निळी आहे. नळी खोटं बोलते का?"

प्रश्न चांगला होता. मी उत्तर देण्याआधी पलंगावरून निशिगंधा म्हणाली, "पप्पा, तीर्थात साखर टाकून बघा ना. तरी निळंच राहिलं तर?"

"देवाची परीक्षा घेऊ नये, बाळा," मालनबाई म्हणाल्या.

"देवाची नाही, आई. पाण्याची."

मालनबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. मग चहाच्या साखरेचा डबा घेऊन आल्या. "ती नक्को," पोरगी पुटपुटली, "तिने रंग बदलत नाही. लघवीतली साखर वेगळी असते. ग्लुकोज."

तिची साखर एकदम उतरली तर द्यायला घरात ग्लुकोज ठेवलेलं असे; त्यातलं अर्धा चमचा तीर्थात घालून उदयने नळी उकळली. निळी. तेवढंच ग्लुकोज माझ्या बाटलीतल्या औषधात उकळलं. मिनिटभरात विटेसारखं लाल. मग त्याच औषधात मुलीच्या लघवीचे आठ थेंब. तेही लाल. उदय अनवाणीच ऑटो बोलवायला धावला.

पाच दिवस ती दवाखान्यात होती. संध्याकाळ केली असती तर उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले.

पुढच्या गुरुवारी आम्ही हॉलमध्ये गेलो. नास्तिकाच्या हातून परीक्षा होणार नाही, असं बाबांनी बजावलं. "मग माझ्या हातून होऊ द्या," उदय म्हणाला, "मी तुमचाच भक्त आहे." त्याने सगळ्यांसमोर बाबांच्याच नळीत ग्लुकोज टाकलं. नळी निळीच. मी लोकांना सांगितलं की हे नुसतं मोरचुदाचं पाणी आहे. खऱ्या औषधात मोरचुदाबरोबर सोडा आणि आणखी एक क्षार असतो. त्यांच्याशिवाय हा रंग बदलतच नाही. साखर असो वा नसो.

बाबा हसले. "ग्लुकोजभी देवाने खाऊन टाकलं."

आणि काही जणांनी खरंच हात जोडले.

तेव्हा मधल्या रांगेतून लक्ष्मणराव उठले. अफझलगंजच्या कापडदुकानात काम करणारा, कधी मोठ्याने न बोलणारा माणूस. "माझ्या पोराची, कुलदीपची नळी शेवटच्या सकाळीसुद्धा निळीच होती," ते म्हणाले. "मी पेढे वाटले होते."

जोडलेले हात हळूहळू खाली आले. बाबा मागच्या दाराने गेले. ते दुसऱ्या गावात हॉल घेतील, हे मला तेव्हाही माहीत होतं.

परतताना मालनबाईंनी विचारलं, "सर, मग देव आहे का नाही?" मी म्हणालो, ते मी सांगतो म्हणून मानू नका. फक्त जो कुणी देवाच्या नावाने काही सांगेल, त्याला एवढंच विचारा: काय घडलं, तर 'मी चुकलो' असं तू म्हणशील? ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, त्याच्याकडे पुरावाही नाही.

मुलांनो, देव मानायचा की नाही, हे तुम्ही मोठे होऊन ठरवा, घाई नाही. पण जी परीक्षा कधीच 'नाही' म्हणू शकत नाही, तिचं 'हो' ऐकून कुणाचं औषध थांबवू नका.