लालबाबांची एकच बाटली

दादाच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध काचेच्या पेटीत पावाची एक स्लाइस, तिच्यावर रक्तासारखे लालभडक ठिपके, आणि भोवती चांगली शिकलीसवरलेली माणसं डोळे मिटून बसलेली. लालबाबांनी बाटलीतलं तीर्थ शिंपडलं की दोन दिवसांत पाव लाल. बाबा सांगत, प्रत्येक घरात देव नव्याने, आपणहून उमटतो. फक्त श्रद्धा ओली हवी. ओला लागतो तो पाव, पण बाबांना हे सांगणार कोण?

सांगणारी दाराशी उभी होती. दादाची धाकटी बहीण, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जंतू तपासायची, म्हणून सगळे तिला लॅबताई म्हणत. तिचा जीव आतल्या खोलीत अडकला होता. तिथे बाळंतीण वहिनी कालपासून तापाने फणफणली होती. पोटावरचे टाके आठ दिवस चिघळत होते, कारण दादा औषधाऐवजी त्यांवर तेच तीर्थ लावायचा. इस्पितळाचं नाव काढलं की देव कोपेल म्हणायचा. लॅबताईला वाटे, सख्खा भाऊ नसता तर याच्या कानाखाली वाजवली असती.

भांडून उपयोग नव्हता. तिने इथे जमणाऱ्या इतर चार भक्तांकडून आशीर्वाद म्हणून पावाचा चिमूटभर चुरा मागून आणला होता. दादाच्या पावाचा चुरा आणि वहिनीच्या टाक्यांतला पू घेऊन तिने सगळ्या जंतूंची जनुकं वाचून काढली. अहवाल आज हातात आला होता.

ती पुढे झाली. "बाबा आधी शिंपीकाकांकडे गेले, मग वकीलसाहेबांकडे, मग दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे, मग घरमालकीणकाकूंकडे, शेवटी इथे. बरोबर?"

एकच गोंधळ उडाला. बाबांनी प्रत्येकाला तूच पहिला म्हणून सांगितलं होतं, वर तारीख गुप्त ठेवण्याची शपथ. शपथा मोडल्या, तारखा जुळल्या. आणि वकीलसाहेब चक्क लॅबताईच्या पाया पडायला वाकले.

"अहो, पाया कसले पडता? मला कसं कळलं ते विचारा ना," ती करवादली.

मग तिनेच सांगितलं. पावावरचा लाल रंग म्हणजे बाटलीतून आलेले जंतूच. जंतू वाढताना आपल्या जनुकांची नक्कल करतो. क्वचित एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरते. शिंपीकाकांच्या पावात एक चूक, वकीलसाहेबांकडे ती आणि आणखी एक, डॉक्टरीणबाईंकडे त्या दोन्ही आणि तिसरी. चुका अशा वाढत इथवर आल्या, तोच बाबांच्या फेरीचा क्रम. देव प्रत्येक घरी नव्याने उमटला असता, तर हे जंतू एकमेकांचे कुणीच लागले नसते. हे सगळे सहा महिने पुन्हा पुन्हा भरलेल्या एकाच बाटलीतले होते.

बाबा मंद हसले. "मुली, ही तर देवाची वंशावळ."

दोनतीन माना डोलल्याही.

"मग बाटली वीस मिनिटं कुकरमध्ये ठेवू. जंतू मरतील, देव काही मरणार नाही. तरीही पाव लाल झाला तर मी तुमची चेली."

बाबांनी बाटली झोळीत सारली.

दादाने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. "आणि हिच्या टाक्यांत?"

"तोच जंतू, दादा. आपल्या पावातला. एका अक्षराचाही फरक नाही. तू रोज दोन वेळा लावलास."

दादा आत धावला. वहिनीला उचलून तो बाहेर आला तेव्हा लोक अजून दारात खोळंबले होते.

"बाजूला व्हा," लॅबताई म्हणाली, "आणि यापुढे कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी बाटलीत काय आहे ते विचारा. मी दाखवला तर मलासुद्धा."