जागेपणाची खात्री

पद्मजा साताऱ्याहून दिल्लीत एमए करायला आली आणि मुनिरक्यात अरुणासोबत चौथ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहू लागली. लहानपणापासून तिला एक वाईट स्वप्न पडायचं. परीक्षेचा पेपर समोर आहे आणि त्यातली अक्षरं वाचताच येत नाहीत. त्यातून सुटायचा उपाय तिला इंटरनेटवर सापडला. दिवसभर अधूनमधून तोंड मिटून, नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघायचा. सवय झाली की माणूस स्वप्नातही तेच करतो. तिथे नाक दाबूनही श्वास आत येतो, आणि कळतं की आपण झोपलोय.

महिनाभरात तिला ते जमलं. स्वप्नातल्या परीक्षेच्या हॉलमध्ये तिने नाक दाबलं, श्वास सुरळीत आला. पेपर तिथेच टाकून ती खिडकीतून उडाली, थेट मुनिरक्याच्या गच्च्यांवरून.

"यार अरुणा, काय मजा येते सांगू!"

मग एका सकाळी तिला जाग आली. अरुणा चहा गाळत होती. "उठलीस?" म्हणाली आणि गाळतच राहिली. कप भरून चहा ओट्यावर आला, ओट्यावरून जमिनीवर आला, तरी पातेलं रिकामं होईना. पद्मजा किंचाळून जागी झाली.

अरुणा चहा गाळत होती. "उठलीस?" ती म्हणाली.

पद्मजाने नाक दाबलं. श्वास कोंडला. म्हणजे ही खरी अरुणा.

त्या दिवसापासून तिने झोपेचा धसकाच घेतला. रात्र रात्र मोबाइल घेऊन बसायची, दिवसा पेंगायची. बसमध्ये, वर्गात, जेवताजेवता नाक दाबून बघायची.

"डॉक्टरकडे जाऊया," अरुणा म्हणायची.

"जाऊ गं."

मे महिन्यातल्या एका दुपारी ती वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेली. उन्हाने सगळं पांढरं पडलं होतं. गल्लीतून एकही आवाज येत नव्हता. तिने नाक दाबलं. घामाने बोटं निसटली असावीत, श्वास आत आला.

अच्छा, म्हणजे झोपलेय मी. तिला हायसं वाटलं. कपडे टाकून ती कठड्यावर चढली.

"पद्मजा! उतर खाली!" मागे जिन्याच्या दारात अरुणा उभी होती.

"तू स्वप्नातली आहेस," पद्मजा मागे न बघता म्हणाली आणि तिने हात पसरले.

अरुणा दारातच थांबली. धावत गेले तर ही उडी मारेल. ती हळूहळू पुढे सरकली. "बरं, असू दे. पण एकटीच जाणार? मलाही ने ना. मला येत नाही उडता."

पद्मजा हसली. वळली. तिने हात पुढे केला.

अरुणाने ते मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि सगळा जोर लावून ओढलं. दोघी गच्चीवर आदळल्या. पद्मजाचं कोपर सोलवटलं, तापलेल्या सिमेंटने तळवे पोळले. रक्त बघून ती अरुणाला घट्ट बिलगली. "मी... मी खरंच वर चढले होते?"

अरुणाने तिला धरून खाली नेलं आणि पद्मजाच्या मावशींना फोन केला.

संध्याकाळी प्रभामावशी सरोजिनी नगरहून आल्या आणि पद्मजाला आपल्या सरकारी क्वार्टरवर घेऊन गेल्या. डॉक्टरांनी सगळ्यात आधी झोपेची औषधं दिली. रिक्षात, जिन्यावर, ताटावर बसल्यावर ती एकच विचारायची, "मावशी, हे खरं आहे ना?"

"खरं आहे गं बाळा," मावशी दर वेळी सांगायच्या.

तो प्रश्न थांबेपर्यंत पावसाळा उजाडला. तोवर मावशींनी बाल्कनीला जाळी बसवून घेतली होती.