भिंतीतली नळी

एसी दुरुस्तीला आलेल्या विष्णूने नायट्रोजनच्या सिलिंडरची चावी बंद केली आणि गेजचा काटा दाखवला. "अम्माजी, बाहर वाले जोड़ पर टांका मार दिया है. साबुन का झाग लगाकर भी देख लिया, एक बुलबुला नहीं. अब आधे घंटे में ये कांटा गिरा, तो समझो पाइप अंदर से फूटा है. फिर दीवार तोड़नी पड़ेगी."

कुंदाबाईंचा चेहरा उतरला. एसीची तांब्याची नळी ज्या भिंतीच्या पोटातून गेली होती, तिच्यावरच गुणवंतरावांचा फोटो होता. 'या भिंतीला खिळा मारायचा नाही,' असं ते हयातभर बजावत आले. तेरावं झालं आणि कुंदाबाईंनी नेमका तिथेच खिळा ठोकवून घेतला, पलंगावरून फोटो दिसावा म्हणून. त्यानंतर काही दिवसांतच एसी नुसता वारा फेकू लागला.

"माझ्याच हातून झालं असंन," त्या पुटपुटल्या. "जिवंतपणी ऐकलं नाही, अन् गेल्यावर तर..."

"आई, काहून इतकं मनाला लावून घेऊन राहिली?" प्रणोती म्हणाली. पण काट्यावरची नजर तिलाही काढवेना. भिंत काय, पुन्हा बांधता आली असती. आईला समजावणं जमलं नसतं; बाबांशिवाय ते कुणालाच कधी जमलं नव्हतं.

विष्णू गच्चीवर बिडी ओढून आला. बाहेर मेचं ऊन रणरणत होतं. कुंदाबाई मधूनच उठून काट्याशी वाकत.

"अम्माजी, घूरने से भी गिर जाता है!" विष्णू हसला.

"चूप रे!"

अखेर त्याने स्वतः वाकून पाहिलं, गेजच्या काचेवर टिचकी मारली. काटा होता तिथेच.

"बाल बराबर नहीं हिला. दीवार एकदम सलामत. कील ने पाइप को छुआ तक नहीं."

कुंदाबाई फोटोकडे वळल्या. "ऐकलं का? उगाच जिवाला घोर लावला माझ्या. म्हणे खिळा मारू नको!"

प्रणोती हसली, आणि हसता हसता तिला डोळे पुसावे लागले. बाबा गेल्यापासून आई त्यांच्यावर पहिल्यांदाच चिडली होती.

विष्णूने गॅस भरला. खोली हळूहळू गार झाली. भिंतीला पाठ टेकून नवऱ्याची गाऱ्हाणी सांगता सांगता कुंदाबाईंचा आवाज झोपेने जड झाला, मग थांबलाच.

"दीदी, चाय..." विष्णूने दारातून विचारलं.

प्रणोतीने ओठांवर बोट ठेवलं आणि पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेली.