नबातीचा चहा

इश्रतने नवऱ्याच्या कोटाचे खिसे पलंगावर उलटे केले. सूर्यफुलाच्या बियांची टरफलं निघाली, दुकानाची किल्ली निघाली, पाकात भिजून तारेसारखा कडक झालेला दोऱ्याचा तुकडा निघाला. मिठाईचा कण नाही, बाकलव्याचा कागद नाही. तिने कोट नाकाशी धरला. केशर आणि वेलची. इराणातल्या यज्दच्या बाजारात नबात, म्हणजे केशरी खडीसाखर, पाडणाऱ्या माणसाच्या कोटाला दुसरा कसला वास येणार.

जलील दारात काठी टेकून उभा होता. डाव्या पायाला बँडेज.

"सापडलं काही?"

"कुठे खाता ते एकदा सांगून टाका, आगा जलील. म्हणजे मला कुत्र्यासारखं हुंगत बसायला नको."

जलीलने वडिलांच्या कबरीची शपथ घेतली. ही शपथ तो धंद्यातसुद्धा कधी वापरत नसे, म्हणून इश्रतला जास्तच राग आला. माणूस खरं बोलतोय असं दिसत होतं आणि रक्तातली साखर तर खाली यायला तयार नव्हती.

पायाचं दुखणं काहिलीपाशी सुरू झालं होतं. उकळत्या पाकाचा थेंब बुटात पडला आणि जलीलला कळलाच नाही. संध्याकाळी मोजा काढला तेव्हा बोटाची कातडी मोज्याबरोबर आली. उकळता पाक ज्याला कळत नाही त्या माणसाचे पाय आधीच निम्मे मेलेले असतात. जखम चिघळली, अंगठ्याशेजारचं बोट काळवंडलं. डॉक्टर म्हणाले, नवरोजच्या सुट्ट्या संपल्या की बघू. साखर उतरली तर बोट राहील. नाही उतरली तर कापू, आणि ते बोटावरच थांबेल असं मी लिहून देणार नाही.

इश्रतला लिहून घेण्याची गरज नव्हती. तिचे सासरे उस्ता हबीब, ह्याच धंद्यातले, ह्याच घरात आधी बोट, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय असे थोडेथोडे गेले होते. लोक म्हणाले नजर लागली. मशिदीतले म्हणाले देवाची मर्जी. यज्दमध्ये घरटी एक माणूस साखरेने सडतो, आणि प्रत्येक वेळी खापर फुटतं ते नशिबावर. दर आनंदाला मिठाईचं खोकं, दर दुःखाला हलवा, दर पाहुण्याला दोन्ही. वर आम्ही म्हणतो, आमचं नशीबच वाईट.

इश्रतने कंबर कसली. चहाबरोबर दातात धरायचे साखरेचे खडे तिने वाडग्यासकट शेजारी देऊन टाकले. डालड्याचा डबा गेला. भाताची परात आखडली, मैद्याची रोटी बंद होऊन जवाची आली. आजाऱ्याला बघायला येताना पाकातल्या अननसाचा डबा आणायचा, ही कुणाची अक्कल असेल ती असो, पण सगळा मोहल्ला डबे घेऊन यायला लागला. इश्रत ते दारातूनच परत करायची. आणलेलं परत करणं म्हणजे आमच्याकडे तोंडावर थुंकल्यासारखंच. बायका गल्लीच्या टोकापर्यंत बडबडत जायच्या. इश्रत म्हणायची, बडबडा, पाय तुमच्या नवऱ्याचा नाही जाणार.

एवढं करूनही साखर हटेना. डॉक्टर चष्म्याच्या वरून बघायचे, आणि त्या बघण्याचा अर्थ इश्रतला बरोबर कळायचा: चोरून खाताय. म्हणून खिसे.

चोर तिने मनात पक्का केला होता. जलीलची थोरली बहीण तुबाखानम शेजारच्याच घरात राहायची. विधवा, जिभेची तिखट, सगळ्या गल्लीची वैद्य. कुणाला काय उष्ण पडलं, कुणाला काय थंड, हे तिला चेहरा बघून कळायचं. ती जलीलला काहीतरी चारत असणार, ह्याबद्दल इश्रतला शंका नव्हती. पकडायचीच बाकी होती.

महलका ही मोहल्ल्याच्या दवाखान्यातली नर्स. जलीलला चालवत नव्हतं म्हणून ती पट्टी बदलायला घरी यायची. तिला दहा घरं असायची. चहाला ती नेहमी नाही म्हणायची, इश्रत नेहमी आग्रह करायची, आणि दोघींना ठाऊक असायचं की हे नुसतं बोलणं आहे. त्या सकाळी मात्र बाहेर वाळवंटाकडून बोचरं वारं सुटलं होतं. तिसऱ्या आग्रहाला महलका खरंच बसली.

जलील पोट धरून भिंतीशी टेकला होता. गोळी घेतली की अर्ध्या तासात पोट ढवळायचं, हे रोजचंच. इश्रतने समोवारमधून चहा ओतला, महलकाला कोरा दिला, आणि जलीलच्या पेल्यात केशरी नबातीची काडी सोडली. काडीवर वाढवलेली ही खडीसाखर, बोराएवढे टपोरे, काचेसारखे खडे. चमचा फिरला, खडे पेल्याला लागून किणकिणले.

महलकाने पेला खाली ठेवला. "हे रोज देता?"

"पोटात थंड शिरलंय त्यांच्या," इश्रत म्हणाली. "ह्यानेच उतार पडतो. सकाळी देते, रात्री दुखलं तर रात्री. तुम्ही घाबरू नका, साखर नाही ती. नबात आहे."

हे ती मनापासून बोलत होती. आमच्यात नबात हे खाणं नव्हेच. बाळंतिणीला नबात, पाळीत कळा आल्या तर नबात, परीक्षेला जाताना पोराच्या पोटात गोळा आला तर नबात. आणि ही तर जलीलची. बाजारातले अर्धे लोक केशराच्या जागी पिवळा रंग ओततात, जीभ रंगते नुसती. जलीलच्या काहिलीत आजवर रंगाचा थेंब गेला नव्हता. शुद्ध म्हणजे औषधच, एवढं साधं गणित होतं, आणि ते चुकीचं असेल असं त्या घरात कुणाच्या बापाच्याही मनात आलं नव्हतं. बाप त्याच गणिताने मेला होता.

महलकाने आवाज चढवला नाही. ती जलीलकडे वळली.

"आगा जलील, नबात तुम्ही कशाची करता?"

धंद्याचं विचारलं की जलीलचं पोट दुखायचं थांबत असे. तो सरळ बसला.

"एक नंबरची पांढरी साखर. पोतीच्या पोती ओततो काहिलीत. अंड्याचा पांढरा बलक घालून मळी काढतो, पाक पाण्यासारखा नितळ होईस्तोवर. मग खरं केशर. दोरे बांधलेल्या वाडग्यांत ओतून उबेच्या खोलीत ठेवायचं, बास. दुसरं काहीही नाही त्यात. शपथेवर सांगतो, शुद्ध सा..."

तो थांबला.

पेल्यात काडी अर्धी विरघळली होती. इश्रतच्या हातात चमचा तसाच राहिला. चोर सापडला होता. गेले कित्येक महिने ती जलीलचे खिसे उलटे करत होती, आणि रोज सकाळी त्याच हाताने ढवळून देत होती.

"पण रंग नसतो माझ्या नबातीत," जलील पुटपुटला.

"रंग नाही एवढंच चांगलं. बाकी साखर ती साखर." मग महलकाने इश्रतला समजावलं. पोट थंडाने नाही, गोळीने ढवळतं. रिकाम्या पोटी घेतली की जास्तच. गोळीने ढवळलेल्या पोटाला साखर पाजायची, साखर वाढली की डॉक्टर गोळी वाढवणार, गोळी वाढली की पोट आणखी ढवळणार. गोळी जेवणाच्या मध्यावर घ्या, आणि पोटाला सोसेल अशी दुसरी गोळी मिळते, तिचं मी आजच डॉक्टरांशी बोलते.

"इतके दिवस कुणी विचारलं का नाही?" इश्रतचा आवाज फाटला.

"विचारलं होतं. गोड खाता का, म्हणून. तुम्ही नाही म्हणालात, आणि खोटं बोलत नव्हतात. नबात पिता का, असं विचारायला हवं होतं. ते आमचं चुकलं."

त्या दिवसापासून घरातल्या नबातीच्या काड्या दुकानात परत गेल्या. गोळी बदलली. साखर उतरायला लागली, हळू, कुरकुरत, पण उतरायला लागली. तुबाखानमला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, कालची पोरगी आमच्या बापजाद्यांच्या औषधाला नावं ठेवते. इश्रतने वाद घातला नाही. तिचं स्वतःचंच चुकलं होतं, तुबाशी वाद घालायला पहिल्यांदाच तिच्याकडे तोंड नव्हतं.

मग नवरोज आला. नवरोजला यज्दमध्ये पथ्य पाळणं म्हणजे पुरात उभं राहून कोरडं राहणं. तिसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. मिठाईची ताटं फिरत होती, जलील बदाम आणि काकडीवर दिवस काढत होता. दुपारी घाईत त्याने गोळी जेवणाआधीच घेतली आणि पोटाने जुना सूर लावला. तो नुसता कण्हला असेल नसेल, तुबाखानम उठून स्वयंपाकघरात गेली आणि पेला घेऊन आली. केशरी. चमचा अजून फिरत होता.

"घे, बाबा. नवीन वर्षाला तरी बहिणीच्या हातचं नाही म्हणू नकोस."

नवरोजला, चारचौघांत, थोरल्या बहिणीच्या हातचा पेला नाकारायचा नसतो. जलीलने तो घेतला. इश्रतकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं. पेला ओठाच्या दिशेने निघाला.

"तुबाखानम," इश्रत म्हणाली, "उस्ता हबीबना शेवटपर्यंत हा चहा कोण देत होतं?"

तुबाचं तोंड कडक झालं. "मी. माझ्या हाताने. तू नव्हतीस तेव्हा."

"मला ठाऊक आहे. मायेने देत होतात. मीही ह्यांना मायेनेच देत होते. तुमच्या बाबांचा पाय नजरेने नाही गेला, आबजी. ह्या पेल्याने गेला. मी तुम्हाला दोष देत नाही, माझेही हात त्यातच आहेत. पण आता आपल्याला कळलंय. कळल्यावर दिला तर त्याला माया म्हणत नाहीत."

इश्रतने तिला आबजी, म्हणजे ताई, असं कधी म्हटलं नव्हतं. कुणीतरी पिस्ते फोडायचं थांबलं. मग तुबाने खाली वाकून भावाच्या हातातून पेला काढून घेतला आणि आत गेली. नळाचं पाणी वाहू लागलं आणि बराच वेळ वाहत राहिलं. पाहुण्यांनी हवापाण्याच्या गप्पा काढल्या, कारण नळाच्या आवाजाखालून येणारा दुसरा आवाज ऐकू आला नाही असं दाखवणं भाग होतं.

ती परत आली तेव्हा डोळे लाल होते, हातात दुसरा पेला होता. रानओव्याचा काढा, काळपट, वाफाळता.

"कडू आहे," ती म्हणाली. "मरत नाहीस त्याने. पी."

जलील एका दमात प्यायला आणि तोंड असं केलं की सगळी खोली हसली.

सुट्ट्या संपल्यावर डॉक्टरांनी पट्टी सोडली. ह्या खेपेला चष्म्यातून बघितलं, वरून नाही. नख जाईल, म्हणाले. बोट राहील.

वसंत सरता सरता इश्रत दुकानात जेवणाचा डबा घेऊन गेली तेव्हा एक बाई नबात घ्यायला आलेली होती. आईचं पोट दुखतंय, चांगली केशराची द्या. जलीलने पुडी बांधायला घेतली आणि दोरा हातातच धरून विचारलं, "आईला साखर आहे का?"

"आहे की. पण नबातीने काय होतंय?"

"पोत्यातली साखर आहे ही, बाई. मी स्वतः उकळतो. तिला नका देऊ. पुढच्या गल्लीत माझी बहीण राहते, ती रानओव्याचा काढा सांगेल. जीभ तिखट आहे, काढा त्याहून कडू आहे, पण गुण येतो."

बाईने त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. गिऱ्हाइकाला घालवून देणारा दुकानदार तिने पाहिला नसावा. ती तडक निघाली ती समोरच्या दुकानात, पिवळ्याधमक रंगाच्या नबातीकडे. इश्रतच्या तोंडात शिवी आली. गाव असं एका माणसाने सुधारत नाही, ती म्हणणार होती.

पण जलील गल्ल्यामागून बाहेर पडला होता. दगडी फरसबंदीवरून, जरा लंगडत, पण भरभर, तो बाईला हाका मारत समोर निघाला होता. काठी काहिलीपाशी भिंतीला टेकलेलीच राहिली होती. इश्रतने ती उचलली, त्याच्या मागे जायला एक पाऊल टाकलं, मग परत जागेवर ठेवली आणि डबा उघडायला बसली.