बदकांना सलामी

मित्रांनो, तुम्ही मला शेकडो वेळा पाहिलं असेल, पण माझ्याकडे एकदाही बघितलेलं नाही. यात तुमचा दोष नाही. शाळेच्या मैदानात उभं राहून मान वर केली की आधी ध्वज दिसतो, मग खांब दिसतो, मग खांबाच्या टोकावर बसलेला कावळा दिसतो. एवढं सगळं बघून कुणाला वेळ उरलाच, तर माझी पाळी येते. मी ध्वजाची दोरी. जातीची सुती, तीन पेडांची, आता रंगाने विटलेली.

दोर वळणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या अंगणात माझा जन्म झाला. पहिले दोन पेड त्याने शांतपणे वळले. तिसरा वळताना त्याची बायकोशी बोलाचाली सुरू झाली आणि त्या पेडाला जरा जास्तच पीळ बसला. माझ्या स्वभावात जो काही हट्ट आहे तो तिथला आहे. माझ्याबरोबर वळलेली एक बहीण विहिरीवर गेली, एक पाळण्याला गेली, एक कुणाच्या तरी गाईच्या गळ्यात पडली. मला मात्र सरकारी शाळेत नोकरी लागली. जाताना मी बहिणींकडे थोडं वरूनच बघितलं, हे खोटं कशाला बोलू?

शाळेत माझा ताबा शिपायाकडे होता. त्यांना सगळे मामा म्हणत. मुलं म्हणत, आणि मुलांचे आईबापही म्हणत, कारण उशिरा आल्याबद्दल त्यांनाही लहानपणी याच मामांनी फाटकात अडवलेलं होतं. माझ्या आधी दोन दोऱ्या मामांच्या हाताखाली म्हाताऱ्या झाल्या होत्या. मी तिसरी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बोटांमध्ये फिरवून पाहिलं, तिसऱ्या पेडापाशी थांबले आणि स्वतःशीच म्हणाले, "ही वाकड्यात शिरणारी दिसते."

मामांची गाठ म्हणजे काय चीज होती, ते मला विचारा. वाऱ्याने कितीही हिसके दिले तरी ती सुटायची नाही आणि पाहुण्याने दोन बोटांनी ओढलं तरी लगेच सुटायची. पाहुणे कसेही असोत. कुणी हळू ओढत, कुणी माझ्याशी जुनं वैर असल्यासारखं ओढत, एका आजीबाईंनी तर डोळे मिटून ओढलं होतं. एकतीस वर्षांत ती गाठ एकदाही अडकली नव्हती. मामांना ना पदक मिळालं ना प्रमाणपत्र. त्यांच्याकडे ही गाठ होती. घरी पाहुणे आले की बाकीची माणसं मुलांचे मार्क सांगतात, मामा गाठ सांगत.

वर्षातले चार-पाच दिवस मी अशी आकाशाला हात लावायचे. उरलेलं वर्ष माझी रवानगी भांडार खोलीत. तिथून मला कुणीही न्यावं आणि कशालाही बांधावं. परीक्षेचे गठ्ठे मी बांधले, टाकीत पडलेली बादली मी काढली, लस टोचण्याच्या दिवशी रडणाऱ्या पहिलीला मी रांगेत धरून ठेवलं. रस्सीखेचीत दोन्हीकडून मला ओढलं आणि बक्षीस जिंकणाऱ्यांना मिळालं. असो.

मग शाळेत नव्या मोठ्या बाई आल्या. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांचा डोळा टापटिपीचा होता आणि तो एकदा एखाद्या गोष्टीवर पडला की त्या गोष्टीची धडगत नसे. कपाटात पडलेलं एक जुनं परिपत्रक त्यांना सापडलं. त्यात शाळेने पाळायच्या दिवसांची यादी होती आणि ते दिवस तेवीस निघाले. आधीच्या हेडसरांनी त्यातले पाच पाळले होते, बाकीच्या अठरा दिवसांवर ते चहाची किटली ठेवत. बाईंनी तेवीसच्या तेवीस सुरू केले. कधी स्मृतिदिन, कधी शपथदिन, कधी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं. स्तब्धतेची वेळ कवायतीच्या सरांच्या घड्याळावर मोजली जाई आणि ते घड्याळ मागे पडायचं, त्यामुळे आमच्या शाळेत थोरांना जगापेक्षा एक मिनिट जास्त आदर मिळायचा.

माझं काम वाढलं, त्याची तक्रार नाही. पण एका दिवशी वाऱ्याने ध्वजाची घडी वरच्या वर उघडली आणि पाहुणे यायच्या आधीच सोहळा होऊन गेला. तेव्हा बाईंनी नवी युक्ती काढली. शिवणाच्या बाईंकडून त्यांनी पांढऱ्या कापडाची थैली शिवून घेतली. ध्वजाची घडी थैलीत ठेवायची, कागदाचे रंगीत तुकडे वरून टाकायचे, ध्वजाचे दोन फासे तेवढे बाहेर काढून मला जोडायचे आणि थैलीचं तोंड मामांच्या गाठीने आवळून सगळं वर चढवायचं. पाहुण्याने ओढलं की गाठ सुटणार, थैली उघडणार आणि ध्वज फडकणार.

आता खरा ध्वज काही तालमीला वापरता येत नाही. तो कपाटात असे आणि कपाटाची किल्ली बाईंच्या पर्समध्ये. म्हणून तालमीसाठी दुसरी, तशीच थैली शिवली आणि तिच्यात शिक्षकांच्या खोलीतला टेबलक्लॉथ दोन फासे शिवून भरला. मापाला तो अगदी ध्वजाएवढा होता. फरक एवढाच, की त्याच्या काठावर अकरा पिवळी बदकं भरलेली होती आणि मधोमध चहाचे डाग होते.

त्या वर्षीच्या राष्ट्रीय दिनाला बाईंनी पाणीपुरवठ्याच्या मोठ्या साहेबांना बोलावलं होतं. शाळेच्या वरच्या मजल्यावर तीन वर्षं पाणी चढत नव्हतं, तेव्हा पाहुणे कोण असावेत याचा विचार देशभक्तीबरोबर नळाच्या बाजूनेही झालेला होता. त्याच महिन्याअखेर मामा निवृत्त होणार होते. म्हणजे गाठ त्यांची शेवटची. सात दिवस तालीम चालली. पहिल्या दिवशी खांबावर बदकं उघडली तेव्हा सगळी शाळा हसली. दुसऱ्या दिवशी फक्त मागची रांग हसली. कवायतीच्या सरांनी इतकी मेहनत घेतली, की सातव्या दिवशी चारशे मुलांनी बदकांना छाती काढून, डोळे न मिचकावता सलामी दिली. मला वरून बघताना भरून आलं, पण कशाने ते कळेना.

मामांना त्या दोन सारख्या थैल्यांची भीती वाटत होती. त्यांनी तालमीच्या थैलीच्या काठावर लाल दोऱ्याचा एक टाका घातला. "डोळ्यांचा भरवसा नाही राहिला," असं शिवणाच्या बाईंना सांगितलं आणि निश्चिंत झाले.

आदल्या दिवशी संध्याकाळी बाईंची शेवटची फेरी झाली. खांबाला रंग लागला, कुंड्यांना चुना लागला, माझ्यावरही डोळा पडला. "ही दोरी किती कळकट दिसते, मामा. धुऊन काढा." मामा म्हणाले, "बाई, सुती आहे. ओली झाली की फुगते, मग गाठ धरून बसते." बाई म्हणाल्या, रात्रभर आहे की वाळायला. मामांनी मला साबणाने धुतलं आणि भांडार खोलीत टांगलं. तिथे कुबट दमट हवा. मी सकाळपर्यंत अर्धी ओलीच होते.

आणि जाता जाता बाईंना एका थैलीच्या काठाला लोंबणारा लाल दोरा दिसला. शिवताना राहिला असेल असं समजून त्यांनी टेबलावरच्या कात्रीने तो कापला आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकला. ध्वज कपाटातून काढून त्याची थैली आधीच भरलेली होती; दोन्ही थैल्या एका तबकात शेजारी शेजारी ठेवल्या आणि समाधानाने दिवा बंद केला.

सकाळी पावणेआठला बाईंनी स्वतःच्या हाताने तबकातली थैली मामांच्या हातात दिली. मामांनी काठ पाहिला. लाल टाका नाही, म्हणजे खरी. आत न बघताच घाईघाईने कागदाचे तुकडे टाकले, फासे जोडले, गाठ मारली. मामांना कळलं नाही, पण थैलीचं तोंड माझ्याभोवती आवळलं गेलं तसं मला कळलं. खऱ्या ध्वजाला तीन ठिकाणी रफू आहे, त्याला वजन आहे आणि कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास आहे. या थैलीतून चहाचा वास येत होता.

मित्रांनो, माझी अवस्था काय झाली असेल, कल्पना करा. मला तोंड नाही. मामा कप्पीवरून मला सर्रकन खेचत होते आणि मी बदकं घेऊन वर वर चालले होते. खाली चारशे मुलं, त्यांचे आईबाप, ढोलवाला, बिगुलवाली आणि पाणीपुरवठ्याचे साहेब. गाठ सुटली तर सगळ्या गावासमोर बदकं फडकणार, चारशे मुलं सवयीने त्यांना कडक सलामी देणार, आणि गाठ कुणी बांधली म्हणून चौकशी मामांची होणार. निवृत्तीला सोळा दिवस राहिलेल्या माणसाची. आणि गाठ सुटली नाही तर? तर त्या माणसाची एकतीस वर्षांची एकुलती एक कमाई जाणार.

साहेब पुढे आले. कवायतीचे सर ओरडले, "सलामी दे!" चारशे हात वर गेले. साहेबांनी मला दोन बोटांनी ओढलं.

मी तिसऱ्या पेडाचा सगळा पीळ एकवटून गाठ धरली.

साहेबांनी पूर्ण मुठीने ओढलं. मग दोन्ही हातांनी. मग पाय रोवून, विहिरीचं पाणी शेंदावं तसं. टोपी तिरपी झाली. ढोलवाल्याला ध्वज उघडेपर्यंत ढोल घुमवत राहायला सांगितलं होतं, तो बिचारा घुमवत राहिला. मुलांची कोपरं हळूहळू खाली यायला लागली. माझा दम संपत आला होता, हेही सांगून टाकते. तुम्ही म्हणाल, ओली दोरी आपोआपच आवळते, यात तुझं कसलं कर्तृत्व. म्हणा बापडे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी तर नुसती भिजले होते.

मोठ्या बाई मामांच्या कानाशी येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "एकतीस वर्षं गेली आणि तुम्हाला आजचाच दिवस सापडला का हो?"

मामा पुढे झाले. त्यांनी साहेबांच्या हातून मला नम्रपणे काढून घेतलं आणि थैली खाली उतरवली. थैली हातात आली तशी त्यांची बोटं थबकली. ओढाओढीत थैलीचं तोंड करंगळीएवढं उघडलं होतं आणि त्यातून एक पिवळी चोच बाहेर बघत होती.

मामांनी चोचीवर तळहात ठेवला. एकवार बाईंकडे बघितलं आणि दोन बोटं किंचित बाजूला केली. बाईंना चोच दिसली. मग, मी वरून बघत होते म्हणून सांगते, बाईंच्या चेहऱ्यावर कात्री आली, लाल दोरा आला, टोपली आली, सगळं एकामागून एक आलं.

मामा वळले आणि मागच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणाले, "गाठ माझी चुकली साहेब. वय झालं. पाच मिनिटं द्या."

सगळ्या मैदानासमोर त्यांनी ते सांगितलं. पालकांमध्ये कुणी तरी फिसकन हसलं. मामा थैली छातीशी धरून ऑफिसकडे चालू लागले. साहेबांनी मधली पाच मिनिटं पाण्याच्या काटकसरीवर भाषण केलं. मामा दुसरी थैली घेऊन आले, गाठ मारली, वर चढवली. साहेबांनी भीत भीत दोन बोटं लावली. मी सैल झाले. रंगीत तुकडे पडले, ध्वज उघडला आणि मुलं गायला लागली.

जाताना साहेब म्हणाले, "बाई, ती दोरी बदला आधी." दुसऱ्याच आठवड्यात नायलॉनची गुळगुळीत, हिरवी दोरी आली. तिच्यावर कुठलीच गाठ टिकत नाही, पण ती दिसते छान. माझी रवानगी भांडार खोलीत, फुटक्या बाकाखाली. चौदा वर्षांच्या नोकरीवर कुणी एक शब्द बोललं नाही. त्याचं मला एवढं वाईट वाटलं नाही, जेवढं खोलीबाहेरून ऐकू येणाऱ्या गप्पांचं वाटलं. "मामांचा हात गेला आता," शिक्षक म्हणायचे. "शेवटी शेवटी होतंच असं." आणि मामा हसून म्हणायचे, "होतं खरं."

महिनाअखेर निरोप समारंभ झाला. भेटवस्तूचं खोकं बांधायला मला बाहेर काढलं होतं, म्हणून मीही हजर होते. कवायतीच्या सरांनी भाषणात मामांची गंमत केली, एकतीस वर्षांत एकदाच फसले आणि तेही साहेबांसमोर, म्हणाले. सगळे हसले. मामाही हसले, पण त्यांचे हात मांडीवर नसलेली गाठ बांधत होते.

मग मोठ्या बाई उठल्या. त्यांच्या हातात सुवाच्य अक्षरात लिहिलेलं भाषण होतं. त्यांनी ते वाचायला घेतलं, दुसऱ्या ओळीवर थांबल्या आणि कागदाची घडी घातली. टापटिपीची घडी नव्हती ती.

"मामांची गाठ चुकली नव्हती," त्या म्हणाल्या. "थैली चुकली होती. मामांनी घातलेली खूण मी कापली आणि चुकीची थैली मीच त्यांच्या हातात दिली. आत बदकं होती. ती गाठ त्या दिवशी सुटली असती, तर आजचा निरोप समारंभ माझा असता."

पहिल्यांदा शिवणाच्या बाई हसल्या. मग सगळे. आणि मग कवायतीचे सर उभे राहिले, आणि त्यांनी मामांना सलामी दिली. कुणी शिट्टी वाजवली नव्हती तरी दिली.

बाईंनी मामांना विचारलं, खोक्यातल्या घड्याळाशिवाय अजून काय हवं. मामा म्हणाले, "घड्याळ नको, खोकं बांधलंय ती दोरी द्या."

आता मी मामांच्या परसात दोन खुंट्यांमध्ये ताणलेली असते. माझ्यावर मामींची लुगडी वाळतात, नातवाचे लंगोट वाळतात, आणि दर रविवारी एक टेबलक्लॉथ वाळतो, अकरा पिवळ्या बदकांचा. तोही बाईंनीच देऊन टाकला. वाऱ्यावर तो जोरात फडफडतो. मामा बागेत पाणी घालता घालता त्याच्याकडे बघतात आणि कुणी आजूबाजूला नाही असं पाहून हात कपाळाशी नेतात.

तेव्हा मित्रांनो, तुम्ही ओढल्यावर एखादी गोष्ट सुटली नाही, एखादं दार, एखादी दोरी, एखादं म्हातारं माणूस, तर लगेच पाय रोवून ओढायला लागू नका. एकदा आत बघा. कदाचित ते तुमचीच अब्रू मुठीत धरून बसलेलं असेल. आणि सुती दोरी धुतलीत तर तिला उन्हात वाळवा. प्रत्येक वेळी थैलीत बदकं असतीलच असं नाही.